गाठोड्याचं कापड

चिबेसाने ते कापड कापलं, तेव्हा ते कापायचं नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर तिने स्वतःला इतक्या सबबी सांगितल्या की ऐकणाऱ्याला तिची दया यावी. दया यायला हरकत नाही. पण तिला ठाऊक होतं.

आमच्या झांबियात, लुआन्श्याच्या बाजारात तिचं पायमशीन येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. कासामाहून ती एकटी आली आणि दोन वर्षांत तिने सगळ्या बाजाराला नादी लावलं. त्याआधी इथल्या बायकांकडे दोनच तऱ्हेचे कपडे असत. चर्चला जायचे, जे घालून पोटभर जेवता येत नसे. आणि घरात घालायचे, जे घालून दार उघडायची लाज वाटे. मधलं काही नव्हतंच. हे मधलं चिबेसा शिवायची. मोकळ्या पँटी, खिसेवाले झगे, पुढून बटणांचे सदरे, गुंडाळायचे स्कर्ट. आणि कापड नवं नको, घरातली जुनी चितेंगे आणा, असं ती बजावून सांगायची. नवं चितेंगे खळीने ताठ असतं. आठ-दहा वर्षं कमरेला गुंडाळून, धुऊन मऊ पडलं की मगच ते अंगावर घालायच्या लायकीचं होतं, असं तिचं मत.

तिची माप घ्यायची रीत बघायला येणारे-जाणारे थांबत. टेप नंतर. आधी ती बाईला जमिनीवर बसवी, उठवी, हात वर करायला लावी, मिनीबसची पायरी चढल्यासारखा पाय उचलायला लावी.

"अहो, श्वास घ्या की! पोट आत ओढून कुणाला फसवताय, मला की टेपला?"

"पण ढगळ दिसेल गं."

"खांद्यात नेमकं बसवते आणि खाली मोकळं सोडते. मग कोण ढगळ म्हणतंय बघू. आणि सहाच कपडे करा. सहाच्या सहा एकमेकांवर चालले पाहिजेत. रोज सकाळी कपाटापुढे उभं राहून रडायचं नाही."

सहा कपडे हा तिचा मंत्रच होता. पाच कितीही भडक असोत, एक शांत हवा. तो बाकीच्या पाचांना सांभाळून घेतो. हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं की शेजारी बटणं विकणारी बा फेलिस्तस तिच्याबरोबर नुसतेच ओठ हलवून तिची नक्कल करायची.

एका मंगळवारी तिच्याकडे बाना चोला आली. बाना चोला म्हणजे चोलाची आई. आमच्याकडे पहिलं मूल झालं की बाईचं नाव मागे पडतं आणि त्या मुलाच्या नावानेच तिला जन्मभर हाक मारतात. ती तीन ओळी पलीकडे सुकी मासळी विकायची. बरोबर तिची मुलगी कासुबा होती, चोविशीची, आईपेक्षा वीतभर उंच.

"पाच आहेत बघ," गाठोडं मशीनवर ठेवत बाना चोला म्हणाली. "हिला सोलवेझीला शाळेत नोकरी लागलीय. शनिवारी निघायचं. तिथल्या मास्तरणी म्हणे फार टापटीप राहतात. माझी पोर त्यांच्यात उठून दिसू दे, पण तिला बसता-उठता येऊ दे."

"बसता काय, पळता येईल. सहा कपडे करते."

"पाच कापडांत सहा?" कासुबा हसली.

"ते माझ्यावर सोड."

मायलेकी गेल्यावर चिबेसाने गाठोडं सोडलं. नारिंगी अननस, हिरवी वर्तुळं, जांभळे पंखे, पिवळी पानं, लाल चौकटी. एकापेक्षा एक भडक. शांत एकही नाही. आणि त्या सगळ्यांच्या खाली, गाठ सोडून पसरलेलं, गाठोडं बांधायचं कापड. मूळचं गडद निळं, धुऊन धुऊन राखाडीकडे झुकलेलं, त्यावर बारीक पांढरे पक्षी, तेही निम्मे पुसलेले. तिने अननस त्यावर ठेवून बघितले, पंखे ठेवले, चौकटी ठेवल्या. पाचही त्याच्यावर शोभून दिसले.

आता आमच्याकडे शिंपिणीला हे कुणी शिकवावं लागत नाही. बाई कापडं घेऊन येते ती कापडातच बांधून. आतली शिवायची, बाहेरचं घडी घालून परत द्यायचं. चिबेसा मावशीच्या हाताखाली तयार झाली तेव्हा तिला आधी हे सांगितलं होतं, कात्री कशी धरायची ते नंतर. शिवाय त्या कापडाचे दोन कोपरे ताणून ताणून विरळ झाले होते, पिळल्यासारखे वळले होते. छातीवर गाठ मारून मूल पाठीला बांधलं की चितेंगेचे कोपरे असेच होतात. कुठलीही बाई ते बघून ओळखेल. चिबेसानेही ओळखलं. ते कोपरे तेवढे टाळून तिने खडूने बेतलं.

जुनेर तर आहे, तिने मनाशी म्हटलं. आई खूश होईल. सदरा बघून सोलवेझीच्या बायका विचारतील, कुणी शिवला? या शेवटच्या वाक्यापाशी तिची कात्री चालली. हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही, पण तेच खरं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नारिंगी झग्याला खिसे लावत होती. बा फेलिस्तस भुईमुगाच्या कुटातली भाजी आणि मक्याच्या पिठाचा न्शिमा घेऊन शेजारी येऊन बसली.

"बाना चोलाने निळं कापड तुझ्याकडे ठेवलं ना? मी बघितलं काल. बाई, तुझ्यावर तिचा फारच विश्वास दिसतो."

"का? त्यात काय एवढं?"

"ते ती नजरेआड करत नाही कधी. चोला त्यातच गेला ना तिचा. दोन वर्षांचा होता, अंगात ताप. दवाखान्याला निघाली त्याला पाठीला बांधून. रेल्वेचं फाटक ओलांडेपर्यंत तो कण्हत होता, म्हणते. मग गप्प झाला. हिला वाटलं, झोपला. बरं वाटतंय, म्हणून ही सावकाश चालायला लागली, त्याची झोप मोडू नये म्हणून." बा फेलिस्तसने घास मोडला. "पुढच्या वर्षी कासुबा झाली. तिलाही त्याच कापडात वाढवलं. सासू म्हणत होती, टाकून दे. हिने ऐकलं नाही. अगं, जेव ना. गार होतंय."

चिबेसाने ताट बाजूला सारलं. तिच्या पायाशी मैद्याच्या रिकाम्या पोत्यात सदऱ्याची पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या आणि कॉलर पडून होती. तेव्हाच उठून मासळीच्या ओळीत जायचं आणि पाय धरायचे, एवढं साधं काम होतं. तिने ते केलं नाही.

तिने काय केलं ते सांगायलाही कसंतरी वाटतं. गुरुवारी पहाटे तिने मिनीबसने किट्वे गाठलं आणि कापडाची दुकानं पालथी घातली. अकराव्या का बाराव्या दुकानात निळ्यावर पांढरे पक्षी मिळाले, जरा मोठे, पण पक्षीच. घरी आणून तिने ते सोड्यात उकळलं, दगडावर आपटलं, उन्हात टाकलं, परत उकळलं. शुक्रवारीही तेच. हातांची सालं निघाली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत एका आईच्या अंगावर जे कापड विरलं, तसं तिला दोन दिवसांत करायचं होतं. आणि नवल म्हणजे, संध्याकाळी दोरीवरचं ते कापड बघून शिंपीण म्हणून तिला क्षणभर बरं वाटलं, इतकं ते जमून आलं होतं. लगेच तिला स्वतःची किळस आली.

शनिवारी सकाळीच दोघी आल्या. कासुबाने पडद्याआड जाऊन एकेक कपडा घालून बघितला. पिवळ्या पानांची पँट घालून ती बाहेर आली, जमिनीवर मांडी घालून बसली, उठली, गिरकी घेतली.

"आई, खिसे बघ! खोल आहेत, खडू राहील!"

"चांगली दिसतेस," बाना चोला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "हात चांगला आहे गं तुझा, चिबेसा."

हे ऐकायला चिबेसा दोन वर्षं या बाजारात बसली होती. आता ते ऐकून तिला वर बघवेना.

"आणि सहावा?" कासुबाने विचारलं.

"नाही निघाला. पाचच झाले."

तिने पाच कपडे घडी घालून पक्ष्यांच्या कापडावर ठेवले. बाना चोलाने दोन कोपरे उचलले, सवयीने, न बघता, आणि गाठ मारायला गेली. हात थांबले. तिने बोटांनी एक कोपरा चाचपला. मग दुसरा. सोड्याने कापडाचा रंग उतरवला होता, पण कोपरे सरळ, भरीव होते, जसे दुकानात होते तसेच. तिने पाचही कपडे उचलून कासुबाच्या हातात दिले, कापडाची नीट घडी घातली आणि मशीनवर ठेवली.

"हे तुझं," ती म्हणाली. "माझं दे."

हरवलं म्हणता आलं असतं. इस्त्रीने जळलं म्हणता आलं असतं, आमच्या कोळशाच्या इस्त्र्या काय नाही जाळत. दोन्ही वाक्यं चिबेसाच्या ओठांवर येऊन गेली. तिने वाकून पोतं बाहेर ओढलं.

बाना चोलाने एकेक तुकडा काढून मांडीवर ठेवला. पाठ. पुढचे भाग. बाह्या. बाह्या तिने जरा वेळ हातात धरल्या.

"चुकून कापलंस?"

तिने हे इतक्या मायेने विचारलं की हो म्हणणं फार सोपं होतं. तिला हो हेच ऐकायचं होतं, हेही दिसत होतं.

"नाही," चिबेसा म्हणाली. "ठाऊक होतं. रंग आवडला मला."

"आई, तिला बोल की काहीतरी!" कासुबा ओरडली. "नुसती बघत काय बसलीस?"

"तुझी बस सुटेल," बाना चोला म्हणाली. तिने कमरेचं चितेंगे सोडलं, त्यात सगळे तुकडे बांधले, चिंध्यासुद्धा मागून घेतल्या, आणि नुसत्या स्कर्टवर बाजारातून चालत गेली. तिच्या वयाची बाई आमच्याकडे तशी चारचौघांत फिरत नाही. चिबेसाने मान खाली घातली ती दोघी दिसेनाशा झाल्या तरी वर केली नाही.

बाना चोलाने कुणाला काही सांगितलं नाही. तिने बोंब मारली असती तर चिबेसाला सुटल्यासारखं झालं असतं. गिऱ्हाइकं तशीच येत राहिली, सहा कपड्यांचा मंत्र ऐकायला थांबत राहिली, आणि चिबेसाला तो म्हणवेना. सर्वांत वाईट म्हणजे हाक. सकाळी पाणी भरताना, दुपारी कोळसा आणताना बाना चोला समोर यायची आणि चिबेसाच्या तोंडून तिचं नाव निघत नसे. ते नाव घ्यायचा आपल्याला हक्क राहिला नाही, असं तिला वाटे. मग ती म्हणायची, "मावशी, बऱ्या आहात ना?" आणि घाईने पुढे जायची. महिनाभर हे असंच चाललं.

एका दुपारी बाना चोला मासळी सोडून थेट तिच्या मशीनपाशी आली. उभीच राहिली.

"मला मावशी कशाला म्हणतेस?"

चिबेसा सुईकडे बघत राहिली. "लाज वाटते."

"वाटू दे. वाटायलाच पाहिजे." बाना चोलाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तो दोन वर्षांचा होता. त्याचा फोटो नाही. त्याने कुणाच्या लक्षात राहील असं काही केलं नाही, तेवढा वेळच मिळाला नाही त्याला. बाजारात दिवसातून शंभर बायका मला हाक मारतात, मीठ आहे का, सुटे आहेत का म्हणून, तेवढं त्याचं नाव उरलंय. कापड कापलंस. आता तेही कापतेस?"

चिबेसाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला हात उचलायचीही तिला शरम वाटली.

"बाना चोला," ती कशीबशी म्हणाली.

"मी पलीकडे बसते. तिथवर असं ऐकू येत नाही."

"बाना चोला!"

बा फेलिस्तसने बटणांतून डोकं वर काढलं. पलीकडच्या ओळीतल्या दोघीतिघी वळून बघायला लागल्या.

"ओ," ती म्हणाली, आणि आपल्या मासळीकडे परत गेली.