वीस पावलं

घसरभाई पडले ते त्यांच्या चुकीनं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ब्राह्मणपुरीत त्यांना खऱ्या नावानं फक्त पोस्टमन ओळखायचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लष्कराच्या लिलावातून पाचशे सीसीची फटफटी आणली आणि केळी-कापूस सांभाळून तिच्यावर एक नाद केला: वळणावर ती मुद्दाम घसरवायची. माझ्या शेताजवळच्या डाव्या वळणावर ते भरवेगात यायचे, मागचा ब्रेक किंचित दाबायचे आणि गाडी कलली की रेस सोडण्याऐवजी वाढवायचे. मागचं चाक बाहेर धावायचं, हँडल उलट्या दिशेला, डावा पाय जमिनीवरून घासत. त्या बुटाच्या तळाला त्यांनी बैलाच्या खुराची जुनी लोखंडी पत्री ठोकून घेतली होती. ठिणग्या उडायच्या.

“मांगलं चाक नाचाडानं, पुढलं सांभाळानं,” ते म्हणत. एकदा मी मागे बसलो होतो. जत्रेतला पाळणा वरून सुटावा तशी गाडी बाजूला सुटली आणि मी, एरवी गप्प माणूस, मोठ्यानं हसलो.

त्यांच्या बायको, आमच्या भाभी, टोमणा मारत, “तुम्ही घर येतस का फक्त वळण घेवाले येतस?”

“घर वळणना पुढे शे, काय करू?”

बाहेरून बेफिकीर दिसणाऱ्या या माणसाचा एक नियम मात्र कडक होता. रोज पहिल्या फेरीआधी वळणावरून अनवाणी चालायचं. ओल, खडा, सांडलेली सरकी, सगळं पायाला कळतं. हे काम माझं. वीस पावलं चालायची आणि रस्ता कोरडा असला की उपरणं हलवायचं.

ते पडले त्या चैत्रातल्या दिवशी सकाळी मी केळीला पाणी दिलं होतं. पाटाचा बांध कच्चा आहे हे मला माहीत होतं. दुपारी माती इतकी तापली होती की पाय ठेववेना. निंबाखालीच उभा राहून मी उपरणं हलवलं.

शेजारच्या उसाआड, वळणाच्या पोटात, पाणी रस्त्यावर आलं होतं. पुढचंच चाक गेलं. हँडल भाईंच्या छातीत बसलं.

खाटेवर त्यांनी मला जवळ बोलावलं. “तू चालना व्हता ना रे?”

“हां भाई. कोरडं व्हतं.”

“मंग मन्हाच हात चुकना.” त्यानंतर फटफटीचा विषय त्यांनी काढला नाही. आठव्या दिवशी गेले.

गाव अजून म्हणतं, मस्ती नडली. भाभीही आता तेच म्हणतात. तो बूट त्यांनी कोनाड्यात ठेवलाय, पत्रीला गंज चढलाय. दर दिवाळीला मी फराळाला जातो, बुटाकडे पाठ करून बसतो.

मी चाललो नव्हतो, आणि चाललो म्हणालो. हे भाभींना त्यांच्या तोंडावर सांगणं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.