रिजेक्टकाकांची टोपली

ताटात पडलेली पोळी आधी उजेडाकडे धरून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हरणीतल्या आमच्या सोसायटीतले रिजेक्टकाका. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासून 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीच्या दिवशी ते ही सवय बरोबर घेऊन घरी आले. काकी म्हणायच्या, "एवढी वर्षं संसार केला, पण मला अजून पास केलेलं नाही." त्यावर काका शांतपणे म्हणत, "तपासणी चालू आहे."

मी त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात मी पास झालेला माल भंगारात टाकला आणि भंगार गिऱ्हाइकाकडे रवाना केलं. त्या दिवसापासून काकांच्या तोंडी माझं नाव 'सॅम्पल' पडलं. पुढे मी शेजारी राहायला आलो, तेव्हा काकींशी ओळख करून देतानाही त्यांनी तेच सांगितलं, "हे आमचं सॅम्पल. जपून हाताळायचं."

पावसाळ्यातल्या रविवारी काका पावागढच्या पलीकडच्या रानात अळंबी शोधायला जात. छोटाउदेपूरकडच्या एका सोबत्याने त्यांना ही विद्या शिकवली होती. माझं काम स्कूटर चालवायचं आणि सांगितल्याशिवाय कशाला हात न लावायचं. पहिलं जमलं.

वारुळावर उगवणारी अळंबी नुसती खुडायची नाही, हा काकांचा पहिला नियम. खुरप्याने उकरत जायचं. तिची लांबलचक मुळी थेट वारुळात उतरलेली असते, तिचं शेवटचं टोक दिसलं पाहिजे. हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच फेरीत ते झाडाखाली चहा घेत होते, तेवढ्यात मी टोपलीतल्या सगळ्या मुळ्या चाकूने छाटून अळंबी कशी बाजारातल्यासारखी लखलखीत केली.

"हे काय केलंस?"

"साफ केली, काका."

"अरे भाईसाब, साक्षीदाराचे पाय कापलेस! आता ही कुठून आली ते कोण सांगणार?"

भरलेली टोपली त्यांनी झुडपात उपडी केली. "शंका आली की रिजेक्ट. शंका काय लोणच्याला लावून खायची आहे?" परतीच्या वाटेवर हालोलला मात्र स्वतःच्या भज्यांतली दोन माझ्या कागदावर सरकवली.

मुळी पटली तरी दुसरी परीक्षा घरी असायची. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा एक कागद काकांनी जोडून ठेवला होता. त्यावर अळंबीची टोपी ठेवायची, वर वाटी उपडी घालायची. संध्याकाळपर्यंत टोपीतून भुकटी गळून कागदावर ठसा उमटतो. वारुळाच्या अळंबीचा फिका गुलाबी. तिच्यासारखीच दिसणारी एक विषारी असते, तिचा हिरवट. काका भिंग लावून बघत आणि "पास" म्हणाले की मगच काकी कढई चढवत. तोवर मसाला वाटून तयार असे आणि मी ताट पुसून.

चार पावसाळे असे गेले. पाचव्यात काका पोळी उजेडाकडे धरेनासे झाले. मी म्हटलं, चला, काकी पास झाल्या. अक्कल इतपतच.

त्या रविवारी मी उकरलेल्या अळंबीला मुळीच नव्हती. काकांनी दांड्याच्या टोकावरून बोट फिरवलं. "तुझ्या हातून तुटली असणार. चालेल." 'चालेल' हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. पण माझ्या हातून काहीतरी तुटणं हे इतकं रोजचं, की मीही मान डोलावली.

संध्याकाळी त्यांनी वाटी उचलली. भिंग लावलं. बराच वेळ बघितलं.

"गुलाबी. पास."

ठसा हिरवा होता. शेवाळासारखा हिरवा, मला चार हातांवरून दिसत होता. काकांनी तोंड वर केलं तेव्हा त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, कानापाशी कुठेतरी होती. काकी तेल ओतत होत्या. 'काका, हिरवा आहे' एवढे तीनच शब्द, पण जीभ उचलेना. मी टोपली घेतली, "बाहेरच्या नळावर धुऊन आणतो" म्हणालो, सगळी अळंबी कचऱ्यात पुरली आणि परत येऊन सांगितलं, "काका, फोन आला म्हणून वळलो, तर गाईने सगळी खाल्ली."

"सॅम्पल ते सॅम्पलच," काकी म्हणाल्या आणि आम्ही खिचडी खाल्ली. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

पुढच्या रविवारी हॉर्न दिला, तर काका घरच्याच कपड्यांत हिंचक्यावर बसलेले. मांडीवर ती टोपली.

"गाय खाऊन झाल्यावर टोपली धुऊन ठेवते का रे?"

विष राहू नये म्हणून मी टोपली आतबाहेर घासून धुतली होती. डोळे गेले तरी काकांची बोटं शाबूत होती.

"हिरवा होता ना?"

मी हो म्हणालो.

"डोळ्यांचं काही नाही. ते जायचेच होते. पण तू बोलला नाहीस. माझ्यासमोर सदोष माल होता, आणि तू तो झाकलास." मग हिंचका पायाने थांबवून म्हणाले, "मीही वर्षभर झाकलाच म्हणा. तपासणाऱ्याबद्दल शंका आली, की तपासणारा रिजेक्ट. बस, पती गयुं, संपलं."

खुरपं, भिंग आणि तो कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, "काका, मला यातलं काय कळतं?"

"हिरवा दिसला ना तुला? आता तोंडाने म्हणायचं तेवढं शीक."

काका त्यानंतर रानात गेले नाहीत. दिवाळीनंतर गेले, ते कायमचे. शेवटच्या दिवसांत मी रोज जाऊन बसत असे. पोळीचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला की ते तो बोटांनी चाचपत आणि खात. पास म्हणत नसत, रिजेक्टही म्हणत नसत.

अजूनही पावसाळ्यात एक रविवार मी एकटा जातो. टोकापर्यंत उकरतो. काकींच्या घरी कागदावर टोपी ठेवून वाटी उपडी घालतो. संध्याकाळी उचलतो, तर ठसा गुलाबी असतो. शंकेला कुठेच जागा नसते. मग मी तोंडाने स्पष्ट म्हणतो, "गुलाबी आहे, काका," आणि थोडा वेळ थांबतो.

काकी आता मसाला वाटत नाहीत. 'पास' ऐकू येत नाही, तेव्हा त्या टोपली उचलतात आणि मला न विचारताच बाहेर नेऊन रिकामी करतात.