नसीमाची साखर आणि सासूबाईंचे खजूर

“म्याडम, मला ते तीन महिन्यांचं इंजेक्शन द्या,” नसीमा म्हणाली. नवरा कुवेतहून रजेवर यायचा होता आणि मांडीवर दोन महिन्यांची मुलगी होती. इतक्यात दुसरं मूल तिला नको होतं.

माझा महाडला बाळंतपणाचा दवाखाना. नसीमा तुडीलची. गरोदरपणात तिला डायबेटिस झाला होता. तो बहुतेकींचा बाळंतपणानंतर जातो, पण पुढे परत येऊ शकतो. त्या इंजेक्शनमधल्या हार्मोनने साखर थोडी वाढू शकते.

“आधी साखर बघू, मग ठरवू,” मी म्हटलं. उपाशीपोटी रक्त घ्यायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी परत रक्त. मधे काही खायचं नाही.

रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर उत्तम, नंतरची भलतीच वर. नसीमाचा चेहरा उतरला.

“म्हणजे आता जन्मभर औषधं?”

मला ते पटेना. पहिला आकडा इतका स्वच्छ होता.

“मधे काही खाल्लंस का?”

तिने शेजारी बसलेल्या सासूकडे पाहिलं. खतिजाबी शांतपणे म्हणाल्या, “मी दिले खजूर. वर शरबत. पोर अंगावर पिते, न् आईनं उपाशी बसायचं?”

“किती दिले?”

“मूठभर. कुवेतचे हायत. तुमाला पन आनलेत.”

त्यांनी पुडी माझ्या टेबलावर ठेवली. नसीमाला हसू आवरेना. मलाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा टेस्ट केली. या वेळी खतिजाबींना मी माझ्या केबिनमध्येच बसवून घेतलं. साखर नॉर्मल आली, पण अगदी काठावर.

“इंजेक्शनला बंदी नाही,” मी सांगितलं. “पण तांबी बसवलीस तर हार्मोनचा प्रश्नच नाही. हवी तेव्हा काढता येते.”

“दूध कमी होईल?”

“नाही.”

ती विचारात पडली. खतिजाबी म्हणाल्या, “बसव गो. मला सा पोरं झाली, तवा कोनी विचारलं पन नाय.”

नसीमाने तांबी बसवली. साखर दरवर्षी तपासायची हे मी बजावलं होतं, ते तिने पाळलं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तांबी काढून घेतली आणि मुलगा झाला.

त्या खजुरांपासून रिपोर्ट विचित्र आला की मी लॅबला फोन करत नाही. मधल्या दोन तासांत पेशंटशेजारी कोण बसलं होतं, ते आधी विचारते.