पाच मिनिटांवर गेले तर

"आधी हे वाचा, मग चहा."

नवीन माणूस समोर आला की ते शर्टाच्या वरच्या खिशात दोन बोटं घालत, चार घड्यांचा एक कागद काढत आणि लग्नाची पत्रिका द्यावी तसा हसतमुखानं हातात ठेवत. वाचून होईपर्यंत समोरून हलत नसत.

मलाही तो असाच मिळाला. सोलापूर स्टेशनाजवळच्या टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात मी नोकरीला लागलो, तो पहिला दिवस. दुष्काळ नुकता सरत होता. कागदावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं : 'मला आकडी येते. घाबरू नये. कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. चप्पल अथवा कांदा हुंगवू नये. घड्याळ बघावे. पाच मिनिटांवर गेले तर डॉक्टरांना बोलवावे. आपला आभारी.' आणि खाली सही.

"घड्याळ आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे की."

"चालतंय ना?"

"चालतंय."

"मग सांगा, तोंडात काय घालायचं?"

"काही नाही."

"शाब्बास. आता मात्र चहा घाला."

त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांची मुलगी सासरी नांदते आहे, तिची मुलं आता लग्नाला आली आहेत, आणि आपले लोक कसे आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. ऑफिसात त्यांना तोंडावर 'कागदवाले' म्हणत. पाठीमागं म्हणत तो शब्द मी लिहीत नाही.

जिल्ह्यातली लहानमोठी सगळी पोस्टं त्यांना तोंडपाठ. पत्त्यावर कुणी नुसतं गावाचं नाव खरडलेलं असलं, तरी ते अक्षर बघून सांगत, हे केमचं, हे त्याच नावाच्या दुसऱ्या गावाचं. हात चालू असायचा आणि तोंडही चालू असायचं. एकदा मी विचारलं, आकडी म्हणजे नक्की काय होतं हो? तर समोरच्या कप्प्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "मेंदू म्हणजे हा आपला हॉलच की. माढ्याचं पत्र माढ्याच्या कप्प्यात, केमचं केमच्या. एखाद्या दिवशी सगळी पत्रं एकदम उधळतात. दोन मिनिटांनी आपोआप जागेवर येतात, काही बिघडत नाही. पण उधळतच राहिली तर त्यातली काही हरवतात. हरवलेलं पत्र पुन्हा सापडतं का कधी? म्हणून घड्याळ."

स्वतःच्या मेंदूला ते एखाद्या तालेवार पाहुण्यासारखं सांभाळत. सकाळी एक गोळी, झोपताना एक. रात्री नऊला अंथरुणावर. जेवणाची वेळ चुकवायची नाही. डॉक्टरांचा दाखला देऊन त्यांनी कायमची दिवसपाळी घेतली होती, आणि ते आमच्या लोकांच्या डोळ्यांवर आलं होतं. राजाची नोकरी आहे बुवा, म्हणायचे. त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवायचे, खिडकीत, कान तुटलेला. आकडी उष्ट्यातून लागते अशी आमच्या शिकल्यासवरल्या लोकांची समजूत. ते त्या कपातून निमूट प्यायचे आणि पिऊन झाला की स्वतःच विसळून पुन्हा खिडकीत ठेवायचे. मी एकदा चिडलो, तर म्हणाले, "असू द्या. कप फुटत नाही तोवर आपलंच राज्य."

पुढच्याच वर्षी एकदा भर दुपारी माझ्या शेजारी ते खाली कोसळले. मी कागदात लिहिल्याप्रमाणे त्यांना कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली टपालाची रिकामी पिशवी सारली. तेवढ्यात आमच्याकडचे शिपाई, माढ्याचे, सगळे त्यांना मामा म्हणत, ते पायातलं पायताण हातात घेऊन धावत आले.

"आवं, हुंगवा की लवकर. आमच्यात आसंच करत्यात."

मी त्यांचा हात धरून ठेवला. वयानं बापासारखा माणूस, पण सोडला नाही. डोळे घड्याळावर. सव्वादोन मिनिटांनी अंग सैल पडलं. थोड्या वेळानं डोळे उघडले, जीभ जड होती, तरी पहिला प्रश्न तोच.

"किती?"

"सव्वादोन."

"शाब्बास."

मामा पायताण पाठीमागं लपवून उभे होते. "चुकलं माजं, सायेब," म्हणाले. मामांना वाचता येत नव्हतं. मग कागदवाल्यांनी त्यांच्याकडून सगळा कागद तोंडपाठ करून घेतला, आठवडाभर, रोज जेवणाच्या सुट्टीत. मामा तो अगदी आरतीच्या चालीवर म्हणायचे. आम्ही हसायचो. ते दोघं मात्र हसत नसत.

शुक्रवार पेठेत ते राहत, तिथंही कागद वाटलेले होते. वाणी, पिठाची गिरणी, पानपट्टी. न्हाव्यानं तर आरशाच्या कडेलाच चिकटवला होता. दाढी करून घेता घेता निम्मी पेठ तो वाचून शहाणी झाली होती.

मग मुलीचं लग्न ठरलं.

स्थळ लातूरकडचं, चांगलं. मुलाचे मामा डॉक्टर. कागदवाल्यांची बायको कधीच वारली होती, त्यामुळे बोलणी थोरल्या भावानं केली. हे थोरले भाऊ आमच्या शाळेचे हेडमास्तर होते. मीही त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांच्यासमोर माझी मान जी सातवीत खाली गेली ती नोकरी लागली तरी वर आली नव्हती. सरांनी धाकट्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, आकडी घराण्यात आहे असं कळलं तर पोर घरात राहील. लग्न होईपर्यंत हे सगळे कागद बंद.

आणि त्या माणसानं ते ऐकलं. वेगळ्या कपाला न लाजणारा माणूस, पण पोरीच्या नावानं मोडला. दारोदार जाऊन स्वतः वाटलेले कागद त्यानं स्वतः परत गोळा केले. न्हाव्याच्या आरशावरचा खरवडून काढला, चारी कोपरे मात्र काचेला चिकटून राहिले. दुसऱ्या दिवशी मी खिशातला माझा कागद काढून पुढं केला, तर त्यांनी माझी मूठ मिटली.

"तुमच्यापाशी असू द्या. एक तरी कुणाकडं पाहिजे."

लग्न आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातलं. दोन दिवस आधी ते ऑफिसात आले. डोळे तारवटलेले. घरात पाहुणे, कशाची झोप आणि कशाचं काय. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कन्यादानाचा उपवास आमच्यात निर्जळी असतो. दादा म्हणतात, पाण्याचा घोटही नाही, मग गोळी कशी चालेल? डबी त्यांनीच काढून ठेवलीय, डॉक्टर माणूस घरात वावरणार, बघितल्याबरोबर ओळखेल म्हणून. तुम्ही एकदा सांगता का दादांना? तुमचं ऐकतील. तुम्ही त्यांचे हुशार विद्यार्थी."

मी काय म्हणालो ते ऐका. "एका दिवसानं काय होतंय हो?" असं म्हणालो. कागद माझ्या खिशात होता, आणि मी असं म्हणालो. खरं कारण एवढंच की सरांपुढं उभं राहून तोंड उघडायची मला भीती वाटली. वय वर्षं अठ्ठावीस, सरकारी नोकर, आणि छडीची भीती.

त्यांनी एकदा माझ्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं."

कार्यालयात मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा होता. मी आणि सर मागच्या खोलीत त्यांना कन्यादानासाठी सोवळं नेसवत होतो. निऱ्या माझ्या हातात होत्या. ते काहीतरी बोलता बोलता थांबले, नजर एका जागी लागली, आणि कोसळले. बाराला सात कमी होती.

मी कुशीवर वळवलं. तेवढं केलं. तोवर सरांनी पूजेच्या ताम्हनातली पळी उचलून त्यांच्या दातांत घातली. मी "सर, नको" असं म्हणालो, पण ते माझं मलाच ऐकू आलं असेल. दात मोडल्याचा आवाज मात्र दोघांनाही आला. सर आकडी थांबण्याची वाट बघत होते, मीही बघत होतो. ती थांबली नाही. एक जरा ओसरली, की शुद्ध येण्याआधीच दुसरी.

दार किलकिलं झालं. आमच्या ऑफिसातले मामा होते. खाली एकदा बघितलं आणि सरळ विचारलं, "किती झाली?"

"सात," मी म्हणालो.

"मग पाचावर गेली की. डाक्टर तितंच म्होरं बसल्यात, नवऱ्या मुलाचं मामा. आणतो बोलावून."

"कुणाला बोलवायचं नाही," सर म्हणाले. "बापाचं काम कन्यादानाला आहे, मंगलाष्टकं त्याच्यावाचून होतात. मुहूर्त लागू दे. मग बोलवू. दार लाव."

हे शेवटचं मला होतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी 'आणा' म्हणेन म्हणून. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कागद पाठ होता. मला अक्षर येत होतं. मी दार लावलं, कडी घातली.

बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. कुणीतरी हौशी बाई माइकवर ताना घेत होती. आत सर भिंतीला टेकून उभे राहिले, कपाळावर घाम, आणि म्हणाले, "घड्याळ बघ. किती राहिली?"

मी घड्याळ बघितलं. आठ राहिली. मग सहा. मग चार. सर विचारत होते, मी सांगत होतो, शाळेत पाढे म्हणावेत तसा. त्या माणसानं चार वर्षं ज्याला त्याला घड्याळ बघायला शिकवलं होतं, आणि त्याच्या पायाशी बसून आम्ही दोघं मुहूर्ताचं घड्याळ बघत होतो. ओठ निळे पडले होते. वाजंत्री वाजली, टाळ्या झाल्या, तेव्हा मी कडी काढली.

डॉक्टरांना 'चक्कर आली' असं सांगून आणलं. ते गुडघ्यावर बसले. पळी बघितली, तोंडातलं रक्त बघितलं.

"किती वेळ झाला?"

सरांनी मान फिरवली. मी मनगटावर बाही ओढली.

"मी पहिल्या रांगेत बसलो होतो," डॉक्टर म्हणाले. "एक हाक मारायची होती."

कन्यादान सरांनी केलं. लग्न मोडलं नाही. उलट व्याही तीन दिवस दवाखान्यात बाकावर बसून होते, घरी जा म्हटलं तरी जात नव्हते. आधी सांगितलं असतं तर मोडलं असतं की नसतं, हे आता कुणाला ठाऊक. माझी सोय म्हणून मी बरीच वर्षं धरून चाललो की मोडलंच असतं. आता धरवत नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. 'किती?' असं विचारलं नाही.

दोन महिन्यांनी मामा त्यांना हाताला धरून ऑफिसात घेऊन आले. कुणीतरी सांगितलं होतं की सवयीच्या जागी नेलं तर आठवेल. त्यांच्या हातात माढ्याचं एक कार्ड दिलं. ते कार्ड घेऊन कप्प्यांसमोर उभे राहिले. हात वर जायचा, थबकायचा, खाली यायचा. सगळा हॉल थांबला होता, पाठीमागं तो शब्द वापरणारेसुद्धा. शेवटी मामांनी कार्ड काढून घेतलं आणि योग्य कप्प्यात टाकलं. मामांना वाचता येत नव्हतं, पण आपल्या गावाचा कप्पा त्यांना ठाऊक होता. जाताना मामा माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतरही, निवृत्त होईपर्यंत, कामापलीकडं एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

मग कागदवाले शुक्रवार पेठेतल्या घरी ओट्यावर बसून असत. कान तुटलेला कप मी ऑफिसातून नेऊन दिला होता, कशासाठी ते मलाही माहीत नाही. मी रविवारी जायचो. मोठं मन म्हणून नव्हे, न जाऊन चैन पडायची नाही म्हणून.

पंचमीला मुलगी माहेरी आली होती, त्या दिवशीही मी गेलो. ती त्यांच्यासमोर बसून भात भरवत होती. त्यांनी तिच्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तसं अदबीनं बघितलं, हसले, आणि शर्टाच्या वरच्या खिशात दोन बोटं घातली. खिसा रिकामा होता. बोटं तिथंच चाचपडत राहिली. तिनं हळूच तो हात काढून मांडीवर ठेवला. ते पुन्हा बोटं खिशात घालत होते.



"काका," ती म्हणाली, "माझे मामेसासरे, ते डॉक्टर, म्हणत होते, वेळेवर कळलं असतं तर बाबा असे झाले नसते. तुम्ही होतात ना आत त्यांच्याजवळ? किती वेळ चाललं होतं हो?"

सतरा मिनिटं. बाराला सात कमी असताना सुरू झालं, बारा दहाला मी कडी काढली. माझ्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नाही.

"घड्याळ बघितलं नव्हतं गं," मी म्हणालो.

तिचा माझ्यावर विश्वास. तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. मी तो प्यालो.