ग्रंथालयाच्या ग्रुपचा नारळ

व्हॉट्सॲप ग्रुपचं उद्घाटन करणारी माणसं मी याचि देही याचि डोळा पाहिली आहेत. नारळ, हार, अगरबत्ती, सगळं. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची ग्रंथपाल आहे, म्हणून हा सोहळा माझ्याच टेबलावर झाला. मूल्यांकन करणारी समिती येणार होती आणि तिला म्हणे दाखवायचं होतं की आमचं ग्रंथालय समाजमाध्यमांतून थेट संशोधकांपर्यंत पोचतं. मग एका वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांकडे ती जबाबदारी आली. या गृहस्थांनी ग्रंथालयातून पुस्तक नेल्याचं मला आठवत नाही. फोटो काढायला मात्र ते नेमाने येत. त्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि उरलेलं पाणी पवित्र म्हणून लॅपटॉपवर शिंपडलं. त्या लॅपटॉपची दोन-तीन अक्षरं तेव्हापासून उमटत नाहीत.

माझा या साधनांवर राग नाही, हे सांगून ठेवते. ग्रंथपालांचा एक ग्रुप आहे, गावोगावच्या लोकांचा. तिथे सकाळी एखादा जुना लेख मागावा आणि दुपारच्या चहाच्या आत कुणीतरी स्कॅन करून पाठवावा, असं कितीदा झालं आहे. आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या ग्रंथालयाला हे वरदानच आहे. पण वरदान कुणाच्या हाती पडतं, त्याला महत्त्व असतं.

ग्रुपचे ॲडमिन दोघे, प्राचार्य आणि हे प्राध्यापक. ग्रंथालयाच्या ग्रुपवर ग्रंथपाल साधी सभासद! मी विचारलं तर प्राध्यापक त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुस्तकं सांभाळा, हाई टेक्निकल काम शे." टेक्निकल काम म्हणजे सकाळी उठून गुलाबाचं फूल पाठवणं. मग त्या फुलाला बाकीच्यांनी हात जोडणं. मग कुणाच्या तरी नातवाचं बारसं. आमच्या संशोधन केंद्राचे झाडून सगळे पीएचडी मार्गदर्शक त्या ग्रुपवर होते आणि एकालाही लाज वाटत नव्हती. त्यावर कडी म्हणजे प्राध्यापकांनी एक फतवा काढला. संशोधकांनी लेख, पुस्तक, जे हवं ते ग्रुपवरच मागायचं, फोनवर किंवा समक्ष नाही, म्हणजे समितीला दाखवायला पुरावा राहील.

हा फतवा अक्षरशः पाळणारी एकच संशोधक निघाली. ती धडगावच्या वरच्या अंगाला एका आश्रमशाळेत शिकवते. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, तिच्या पाड्यातली पहिली बाई जी पीएचडीपर्यंत आली. विषय होता पावरी लग्नगीतं. म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसून तिने गाणी गोळा केली होती, त्यातल्या काही बायका आता नाहीतही. प्रबंध झाला होता. परीक्षकांनी एकच खोट काढली, की याच गाण्यांवरचा एक जुना लेख तिने पाहिलेला नाही. तो पाहून, एक प्रकरण सुधारून महिनाअखेर प्रबंध परत द्यायचा होता. मुदतवाढ संपलेली. नाही दिला तर नोंदणी रद्द, आणि सगळी वर्षं पाण्यात.

तिच्या पाड्यावर रेंज नाही. चढावरच्या एका वळणावर फोन लागतो. तिथे जाऊन तिने ग्रुपवर लेखाची मागणी लिहिली, नियमाप्रमाणे, नमस्कार करून. दुर्दैव असं, की त्या दिवशी प्राचार्यांचा वाढदिवस होता.

मी संध्याकाळी ग्रुप उघडला तर केक, फेटे, "साहेबांना उदंड आयुष्य" यांच्या मधोमध एक पट्टी दिसली, की हा मेसेज ॲडमिनने काढून टाकला आहे. बाजूला अनोळखी नंबर. त्या पट्टीच्या अगदी खाली एका मार्गदर्शकाचा फुलांचा गुच्छ होता, आणि तो तिचाच मार्गदर्शक, हे मला नंतर कळलं. म्हणजे या माणसाने तिची मागणी वाचली असणार आणि बोट पुढे सरकवून गुच्छ चिकटवला असणार. मी दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना गाठलं.

"काही नही मॅडम, कोनी तरी बाई पुस्तक मांगी ऱ्हायनी व्हती," ते म्हणाले. "साहेबना वाढदिवस, आनि हाई मधमाच. मी डिलीट करी टाकं."

ग्रंथालयाच्या ग्रुपवर कोणीतरी पुस्तक मागत होतं! माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं नाही. त्यावर त्या माणसाने काय करावं? ग्रुपची सेटिंग बदलली. आता फक्त ॲडमिनच लिहू शकणार. "आते कशी शांतता शे," असं म्हणून ते चहा प्यायला गेले.

मी त्या नंबरवर फोन लावत राहिले. बंद. संदेश पाठवला, कोणता लेख हवाय ते मला सांगा. तो पोचला नाही. ती धडगावच्या बाजाराला आली तेव्हा कुठे पोचला, आणि तिचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. मागे बाजाराची गलबल. "मॅडम, माझं काही चुकलं का? आता मला ग्रुपवर लिहिताच येत नाही. साहेबांचा वाढदिवस होता हे मला माहीत नव्हतं." मग तिने लेखाचं नाव आणि मुदत सांगितली. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

लेख मी ग्रंथपालांच्या ग्रुपवर मागितला. दुपारी माझ्या हातात होता, इतकं ते सोपं होतं. पण तोवर ती पाड्याकडे निघून गेलेली, फाइल काही पोचेना. शेवटी लेख छापून पाकीट धडगावच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. कंडक्टरने दिलं, शाळेच्या शिपायाने नेलं, सगळ्यांनी आपापलं काम केलं. तिच्या हाती पडलं तेव्हा महिना संपला होता. मार्गदर्शकांनी हात वर केले. आधी सांगायचं नाही का, म्हणाले.

समिती आली. प्राध्यापकांनी पडद्यावर ग्रुप दाखवला, सभासदांची संख्या दाखवली, तक्रारी शून्य असल्याचंही दाखवलं. समितीतल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "छान. एखाद्या संशोधकाशी बोलता येईल?"

प्राध्यापकांनी संशोधकांच्या यादीवरून नजर फिरवली. त्यांना डोंगरातली बाई सगळ्यात शोभिवंत वाटली असावी. "लावा मॅडम, स्पीकरवर लावा. आदिवासी भागापर्यंत पोचलोय आपण." मी नंबर लावला. रविवार, बाजाराचा दिवस होता, ती धडगावात असणार हे मला ठाऊक होतं.

तिने लगेच उचलला. समितीच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही इथल्या संशोधक ना? ग्रंथालयाच्या ग्रुपचा तुम्हाला काय उपयोग झाला?"

"मी आता संशोधक नाही, मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "माझी नोंदणी रद्द झाली. पण आमच्या शाळेतल्या दोन मुली पुढे कॉलेजला येणार आहेत. त्यांना पुस्तक लागलं तर कोणाला मागायचं, तेवढं सांगून ठेवा."

समितीच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग प्राध्यापक पुढे सरसावले आणि समितीकडे बघून हसले.

"डोंगरात रेंजचा प्रॉब्लेम असतो, मॅडम," ते म्हणाले. "नीट ऐकू येत नाही."