राहिलेली पाचवी

मी चौथी पास आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही आणि त्यात कौतुकासारखंही काही नाही. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. पाचवी ओढ्यापलीकडच्या गावात. मुलगे जायचे, मुली जायच्या नाहीत. वडील वाईट नव्हते, पण त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. मीही रडले नाही. रडून काही होत नाही, हे आमच्या घरात लवकर कळायचं. फक्त ओढ्यापलीकडे त्या पाचवीत काय शिकवतात, हे कळावंसं वाटत राहिलं. ते अजून वाटतं.

लग्न होऊन बेंगळुरूला आले. नवरा सरकारी कारखान्यात होता. जयनगरात संसार झाला, कन्नड आलं, भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं तर चांगलंच आलं. मुलाची पाचवी आली नि गेली, पण ती इंग्रजीत होती. मी त्याच्या पुस्तकातली चित्रं बघितली आणि डबा भरला. नवरा गेल्यावर मुलानं मला बेळ्ळंदूरला त्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. इथे नवव्या मजल्यावरून खाली गाड्या दिसतात. त्या हलत नाहीत, त्यामुळे बघण्यासारखंही काही नाही.

सून पुण्याची. शाळेत गणित शिकवते. आधीच्या शाळेत तिचं जमलं नाही. तिथले मोठे साहेब हातात पॅड घेऊन वर्गाच्या दाराशी उभे राहायचे, कागदावर बरोबर-चूकच्या खुणा करायचे आणि एक शब्द न बोलता निघून जायचे. मग महिन्याच्या सभेत सगळ्या शिक्षकांसमोर वाचून दाखवायचे, कुणाचा फळा तिरका, कुणाचा आवाज बारीक. सुनेचा आवाज बारीक निघाला. त्या सभेनंतर तो आणखी बारीक झाला. वर्ष संपल्यावर त्यांनी तिला ठेवलं नाही. त्यानंतर काही महिने ती घरात मसाल्याचे डबे पुसत बसली. पुसलेलेच डबे परत पुसायची. मुलगा म्हणायचा, "दुसरं काहीतरी बघ ना, इथे काय कमी कामं आहेत?" ती म्हणायची, "मला शिकवायचंच आहे." तेवढंच बोलायची.

मग जवळच्या एका शाळेत जागा मिळाली. पाचवीचं गणित. वर्षभर बघू, मग कायम करू, असं ठरलं. इथे मोठ्या बाई होत्या, धारवाडकडच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगितलं की गुरुवारी तुझ्या तासाला येऊन बसणार आहे. सुनेला जेवण उतरेना.

"आई, ही नोकरी गेली तर मी परत अर्ज करणार नाही," ती म्हणाली.

"जायच्या आधीच सुतक कशाला धरतेस?" मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी तिनं धडा पाठ करायला सुरुवात केली. आधी कपाटाच्या आरशापुढे इंग्रजीत. मग स्वयंपाकघरात आली. मी माझ्या बुटक्या स्टुलावर बसून अवऱ्याच्या शेंगा सोलत होते. अवरे म्हणजे आपला पावटा; थंडीत इकडे सगळ्या घरांत तेच चाललेलं असतं. ती म्हणाली, "आई, तुम्हाला मराठीत सांगून बघते. तुम्हाला कळलं तर मुलांना कळेल."

"म्हणजे मी मठ्ठ आहे म्हण ना सरळ."

"तसं नाही हो. तुम्ही मान डोलवत नाही उगाच."

हे खरं होतं. उगाच मान डोलवायला मला कधी जमलं नाही.

तिनं विळीजवळच्या ओट्यावर पीठ पसरलं आणि त्यात बोटानं आकडे काढले. वर एक, मध्ये रेघ, खाली दोन. आम्ही शाळेत पावकी-निमकीचे पाढे म्हटले होते, गळा फाडून म्हटले होते, आजही झोपेतून उठवलं तर म्हणेन. पण ते नुसतं गाणं होतं. अर्धा असा लिहितात आणि वरच्याला अंश, खालच्याला छेद म्हणतात, हे मला त्या ओट्यापुढे कळलं. सत्तरी ओलांडल्यावर.

तिनं विचारलं, "एक छेद दोन मोठा की एक छेद तीन?"

"तीन."

"का?"

"का म्हणजे? दोनाहून तीन मोठे नाहीत होय? पुण्यात वेगळं असतं का?"

ती हसली. मग तिनं टोपलीतल्या दोन भाकरी काढल्या. एकीचे दोन तुकडे केले, दुसरीचे तीन. दोन्हीतला एकेक माझ्यापुढे धरला आणि गप्प उभी राहिली. मी बघितलं. खाणारी तोंडं वाढली की वाट्याचा तुकडा लहान होतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ते त्या रेघेखाली लिहून ठेवलेलं असतं, हे नवीन होतं. मी हातातली शेंग खाली ठेवली.

"कळलं का, आई?"

"कळलं. पुढे सांग."

ते चार-पाच दिवस मला चांगले गेले. संध्याकाळ कधी होते याची मी वाट बघायची. ती चहा पिऊन यायची, मी स्टुलावर, ती ओट्याशी. छेद सारखे असले तर बेरीज करायची, वजाबाकी करायची, सगळं घेतलं. मी चुकले की ती "परत बघा" म्हणायची. "असू दे" कधी म्हणाली नाही. घरात माझ्या वयाच्या माणसाला सगळे "असू दे" म्हणतात.

एकदा मी म्हटलं, "आमचे गुरुजीही असंच करायचे. दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचे त्याच्या आठ दिवस आधीपासून तोच एक धडा. पुढच्या रांगेला उत्तरं वाटून द्यायचे. दिपोटी खुर्चीवर बसायचे, चहा प्यायचे, वहीत लिहायचे आणि जायचे. गुरुजी तोवर पुसलेलाच फळा परत पुसत राहायचे."

"मग दिपोटी काय सांगायचे गुरुजींना?"

"काय सांगणार? काही नाही."

आमचे गुरुजी फार चांगलं वाचून दाखवायचे. ते त्यांना कुणी सांगितलं असेल का, हे माझ्या मनात त्या दिवशी प्रथम आलं.

गुरुवारी ती शाळेतून आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. पर्स टाकली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"गेली नोकरी," ती म्हणाली.

"त्यांनी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी भर वर्गात काय बोलले माहितीये? सगळा तास नीट चालला होता. भाकरीच्या जागी डोसा घेतला होता, कागदाचा कापून. दोन तुकडे, तीन तुकडे. आणि मग मी म्हटलं, 'कळलं का, आई?'"

मला हसू आलं, ते मी आवरलं नाही.

"हसू नका हो! इंग्रजी तासाला! वर्गात पाच-सहा मराठी पोरं आहेत, त्यांनी बाकीच्यांना अर्थ सांगितला. अख्खा वर्ग लोळला. मधल्या सुट्टीत एकानं मला येऊन विचारलं, मिस, तुमची आई कुठल्या बाकावर बसते?"

"मग मोठ्या बाई?"

"मागच्या बाकावर मुलांच्यात बसल्या होत्या. हातात कागद नाही, पेन नाही. त्याही हसल्या. उद्या सुट्टी झाल्यावर तुझ्याच वर्गात भेटू म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तिनं मला आल्या-आल्या सांगितलं. मोठ्या बाईंनी तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं नाही. त्याच तिच्या वर्गात आल्या, मुलांच्या बाकावर अवघडून बसल्या आणि पहिलं विचारलं, "तुला स्वतःला कसा वाटला तास?" सुनेनं चुकांची माळ लावली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो तीन मोठा की दोन मोठा हा प्रश्न फार चांगला होता. पण वर्गातल्या एकाही मुलानं तो विचारला नाही. तूच विचारलास, तूच चुकीचं उत्तर दिलंस आणि तूच ते सोडवलंस. आणि सारखी डावीकडे खाली बघत होतीस. तिथे तर कचऱ्याची टोपली आहे. कोण बसतं तिथे?"

सुनेनं सांगून टाकलं. सासू बसते, स्टुलावर, शेंगा सोलत.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तू शिकवलंस छानच. पण त्यांना शिकवलंस. या मुलांच्या चुका अजून व्हायच्या आहेत. त्या त्यांना करू दे. प्रश्न टाक आणि गप्प राहा. पुढच्या आठवड्यात मी परत येईन आणि एवढं एकच बघेन."

"बस्स? आणि फळा? आवाज?" मी विचारलं.

"काही नाही. एकच गोष्ट. आवाजाचं मी विचारलं तर म्हणाल्या, मागच्या बाकापर्यंत येत होता, स्वल्प भीत भीत येत होता एवढंच."

पुढच्या आठवड्यात त्या खरंच आल्या. सुनेनं प्रश्न टाकला आणि गप्प राहिली. पोरं आधी एकमेकांच्या वह्यांत बघत बसली. मग कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, तीन मोठा. माझंच उत्तर. दुसरी पोरं तिच्यावर तुटून पडली, काही तिच्या बाजूनं झाली, कागदाचे डोसे फाडले गेले आणि शेवटी ती मुलगीच फळ्यापाशी येऊन म्हणाली, नाही, दोन मोठा. सून हे सांगताना ओट्याशी उभी राहून दोन्ही हात हलवत होती. आवाज मुळीच बारीक नव्हता.

नंतर मोठ्या बाईंनी आणखी एक केलं. त्या तिला म्हणाल्या, "सोमवारी तुझा तास मी घेते. तू मागे बस आणि मला एक गोष्ट सांग, जी मी वेगळी करायला हवी होती." सून घाबरली, पण बसली, आणि सांगितली. बाई फळ्याकडे तोंड करून बोलत होत्या. "सरी, बरोबर आहे, लक्षात ठेवते," म्हणाल्या आणि पुढच्या वेळी वळून बोलल्या. मला हे फार आवडलं. आमच्या दिपोटींना गुरुजी असं काही सांगू शकले असते, तर गुरुजींना पुसलेलाच फळा परत पुसावा लागला नसता.

वर्ष संपायच्या आतच तिला कायम केलं. तिनं म्हैसूरपाक आणला. मुलगाही खूश झाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? ती डबे पुसत बसलेली मी बघितली होती.

पण एक झालं. त्या पहिल्या शुक्रवारनंतर तिनं घरी धडा म्हणून बघणं सोडलं. बाईंच्या बोलण्याचा अर्थ तोच होता आणि त्या बरोबरच बोलल्या होत्या. त्या संध्याकाळी मी स्टुलावर बसले होते. आदल्या दिवसांत आम्ही सारख्या छेदांची बेरीज संपवली होती आणि ती म्हणाली होती, "छेद वेगळे असले की जरा गंमत आहे, ती नंतर." मी वाट बघत बसले. तिनं चहा पिऊन कप धुतला आणि बाहेर जाऊन पाय पसरून बसली. दमली होती. मी शेंगा सोलल्या.

मग एके दिवशी ती म्हणाली, "आई, मोठ्या बाई म्हणत होत्या, त्या प्रश्नवाल्या सासूबाईंना एकदा वर्गात घेऊन ये. मागे बसू देत. पुढच्या आठवड्यात भिन्न छेद घेणार आहे मी. येता?"

मी हातातलं काम खाली ठेवलं. मी म्हटलं, "मला काय करायचंय तिथे या वयात?"

आमच्याकडे पहिल्यांदा नाही म्हणतात. जेवायला बोलावलं तरी, साडी दिली तरी, चहाचं विचारलं तरी. पहिलं नाही हे नाही नसतं, समोरचा पुन्हा विचारतो, मग आपण उठतो. जयनगरच्या आमच्या शेजारणीसुद्धा हे जाणायच्या, त्या तर तीनदा विचारायच्या. सून नव्या पद्धतीची आहे. तिला लहानपणापासून शिकवलंय की कुणी नाही म्हटलं की ते ऐकायचं, जबरदस्ती करायची नाही. चांगलंच शिकवलंय. ती म्हणाली, "ठीक आहे आई, तुम्हाला नको असेल तर राहू दे," आणि फोन बघायला लागली.

तो आठवडा आला नि गेला. ज्या दिवशी तो तास असेल असं मला वाटलं, त्या दिवशी मी सकाळी धुतलेलं लुगडं नेसले. कुणी विचारलं असतं तर देवळात जायचंय म्हणून सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. ती घाईत डबा घेऊन गेली. मी गॅलरीतून खाली बघितलं. ती जिच्यातून जाते ती शाळेची पिवळी बस गाड्यांच्या मध्ये अडकून बराच वेळ उभी होती. म्हणजे चालत गेले असते तरी गाठली असती.

आता तुम्ही म्हणाल, तोंड आहे ना, विचारायचं. ती सांगेलही, पाच मिनिटांत सांगेल, मोबाइलवर दाखवेल. पण सांगणं वेगळं. मला सांगायला नको आहे. मला मागच्या बाकावर बसून चुकायचं आहे आणि कुणीतरी "परत बघा" म्हणायला हवं आहे.

परवा ती स्वयंपाकघरात या स्टुलाला अडखळली. म्हणाली, "आई, हे गॅलरीत ठेवू का? शेंगांचा हंगाम तर संपला."

"राहू दे," मी म्हटलं.

"पायात येतं हो. ठेवते ना?"

हे मात्र तिनं दोनदा विचारलं. मी दुसऱ्यांदाही नाहीच म्हटलं.