काळं कापलं, हिरव्यात जोडलं
सीताबर्डीत एखाद्या दुकानाचा हिरवा दिवा लागला की मला बाबांचं ऑपरेशन आठवतं. कर्करोगाने धरलेली अन्ननलिका काढून तिच्या जागी जठराचीच नळी वर ओढून जोडायची होती. घरात आम्ही दोघंच. तंबाखूच्या खर्र्याविरुद्ध मी पत्रकं वाटली, त्यात काकांच्या पानठेल्याचंही नाव आलं, म्हणून नात्यातलं एकही माणूस दवाखान्यात फिरकलं नाही. राग माझ्यावर आणि शिक्षा बाबांना! स्पिरिटच्या वासात, थंड बाकावर मी सकाळपासून एकटा बसलो होतो. दुपारी कापलेला भाग नातेवाइकांना दाखवायला नर्सने हाक मारली. "काहून गा, मोठं कोणी नाही आलं?" "मीच आहो." डॉक्टरांनी तो भाग दाखवला, मग पडद्यावर आतल्या जठराचं चित्र. शिरेतून रंग सोडला होता. रक्त पोचलं तिथे जठर हिरवं चमकत होतं, वरचं टोक मात्र काळं. "काळं कापलं, हिरव्यात जोडलं. टाके टिकतील असं वाटते." बाहेर येऊन मी फोनमधली नावं वर-खाली केली आणि शेवटी फरशी पुसणाऱ्या बाईलाच सांगितलं. "बरं झालं बाबू," ती म्हणाली, "पाय उचल." आता बाबा मऊ भात गिळतात, मी सभांत घसा फोडून बोलतो, पण त्या दिवशी तू एकटा कसा बसला होतास, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. बाबांनीसुद्धा.